डिझेल ट्रकचा टर्बो मोठा केला, तर इंजिनही बांधून घ्यावं लागतं का?

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मोठा टाकायचं ठरलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: आतलं इंजिन हे सोसेल का? हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट बदलायचे का, पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड जाड घ्यायचे का, पिस्टन नवे टाकायचे का? सल्ला देणारेही दोन टोकांचे भेटतात. एक म्हणतो, काही होत नाही, बिनधास्त टाका. दुसरा म्हणतो, अख्खं इंजिन उतरवून बांधून घ्या, नाहीतर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. दोघंही टर्बोकडे बघून बोलतात, आणि गफलत तिथेच होते. डिझेल इंजिन तुटतं ते जादा डिझेलमुळे, आणि ते डिझेल कोणत्या क्षणी जळलं त्यामुळे. टर्बो ते डिझेल जाळायची सोय करून देतो, एवढाच त्याचा गुन्हा.

म्हणून ‘एवढा मोठा टर्बो टाकला तर काय मजबूत करू?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘एवढं डिझेल वाढवणार आहे, आणि ते अमुक आरपीएमला’ असं सांगितलं, तर उत्तर देता येतं.

हवा आत, मग डिझेल

पेट्रोल इंजिनमध्ये पेडल दाबलं की हवेची वाट उघडते आणि हवेच्या मापाने पेट्रोल येतं. डिझेलचं उलटं आहे. हवा जेवढी मिळेल तेवढी आत येते. पेडलने ठरतं ते फक्त डिझेल किती मारायचं. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोघांना एकमेकांत मिसळायला इतका कमी वेळ मिळतो, की प्रत्यक्षात हवा त्यापेक्षा बरीच जास्त असावी लागते. हे प्रमाण १८ च्या आसपास आलं की धूर दिसायला लागतो, आणि त्याखाली गेलं की मागची गाडी दिसेनाशी होते. काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेलं, पण न जळलेलं डिझेल. त्याला ताकदीची खूण समजणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पंप, नोझल आणि ट्यूनिंग जसंच्या तसं ठेवून फक्त टर्बो मोठा टाकला, तर ताकद फारशी वाढत नाही. उलट मोठं चाक फिरायला वेळ घेतं, त्यामुळे सिग्नलवरून उठताना गाडी आधीपेक्षा सुस्त वाटते. जमा बाजूला एकच गोष्ट: जास्त हवेमुळे ज्वलन थोडं थंड आणि स्वच्छ होतं. अशा बदलात इंजिन मजबूत करण्याचं काही कारणच नाही, कारण त्याच्यावरचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो.

एक हिशोब करून बघू. ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन फेऱ्यांत एकदा हवा भरली जाते, म्हणजे २५०० आरपीएमला मिनिटाला सुमारे ७४०० लिटर जागा भरायची असते. त्यातली ९० टक्के भरते असं धरू. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, २ बार; म्हणजे वातावरणाचा १ बार धरून एकूण दाब ३ बार, आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून हवा ५० अंशांवर बाहेर पडते असं मानलं, तर मिनिटाला साधारण २२ किलो हवा इंजिनमध्ये जाते. २० ला १ या प्रमाणात त्यावर १.१ किलो डिझेल बऱ्यापैकी स्वच्छ जळेल. त्यातून क्रँकवर ३०० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ४०० हॉर्सपॉवर मिळायला हरकत नाही. नव्वदच्या दशकातलं १२ व्हॉल्व्हचं ५.९ कमिन्स पिकअप ट्रकमध्ये कारखान्यातून १६० ते २१५ हॉर्सपॉवर घेऊन निघायचं. म्हणजे हवा आणि डिझेल दोन्ही वाढवलं तर दुप्पट मजल मारता येते. हा दुपटीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेजवरचा बूस्ट आणि खरी हवा

टर्बोत एकाच शाफ्टवर दोन चाकं असतात. एक्झॉस्टच्या बाजूचं टर्बाइन, आणि हवेच्या बाजूचा कॉम्प्रेसर. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो, आणि वेग मिनिटाला लाखाच्या घरात जातो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं; मूळ मांडणी आजही तीच आहे.

बूस्ट गेज दाब दाखवतं, हवेचं वजन दाखवत नाही. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा तिप्पट दाबाला नेली, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर ती १९० अंशांपर्यंत तापते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली तर २१५ च्याही पुढे. छोट्या टर्बोला त्याच्या कुवतीबाहेर पिटाळलं की नेमकं हेच होतं: गेजचा काटा वर जातो, पण आत जाते ती गरम, फुगलेली हवा. वरच्या हिशोबात हवा ५० ऐवजी १५० अंशांवर आत गेली असती, तर त्याच २ बार बूस्टवर तिचं वजन जवळपास पावभागाने कमी भरलं असतं. म्हणून इंटरकूलर चोंदलेला असताना किंवा पाइपचे क्लॅम्प ढिले असताना नवा टर्बो घेणं म्हणजे टाकी गळत असताना मोठी मोटर बसवणं.

दुसरा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत: टर्बाइनच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये साठलेला दाब. टर्बाइन छोटं आणि डिझेल जास्त असलं की धुराला बाहेर पडायला जागा अपुरी पडते. बूस्ट २ बार आणि मॅनिफोल्डमध्ये ३.५ बार, अशी अवस्था असेल तर पिस्टन वर येताना जळालेला वायू बाहेर ढकलण्यातच इंजिनची बरीच ताकद खर्ची पडते. त्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवरून उचलले जाऊ शकतात, म्हणून मग व्हॉल्व्ह स्प्रिंग कडक घ्याव्या लागतात. दोन्ही दाब जवळजवळ सारखे असले, तर टर्बोची जोडणी चांगली जमली असं समजावं. मोठ्या टर्बोचा खरा फायदा हाच आहे, आणि बूस्ट गेजवर तो दिसत नाही. चांगला बसवलेला मोठा टर्बो कधीकधी आधीपेक्षा कमी बूस्ट दाखवून जास्त काम करतो. मालक मात्र नाराज होतो, कारण काटा पूर्वीएवढा वर जात नाही.

उंचीवर चित्र आणखी बदलतं. समुद्रसपाटीला २ बार बूस्ट म्हणजे हवा तिप्पट दाबणं. २००० मीटर उंचीवर बाहेरचा दाबच ०.८ बार असतो. तिथे तोच २ बार गाठायला टर्बोला हवा साडेतीनपट दाबावी लागते. चाक आणखी जोरात फिरतं. घाटमाथ्यावर टर्बो जाण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि ठपका बिचाऱ्या इंजिन ऑइलवर येतो.

सिलिंडरमधला दाब: ज्याला गेज नाही

आता मूळ मुद्दा. इंजिन तुटतं ते सिलिंडरमधल्या कमाल दाबाने. कॉम्प्रेशन रेशो १७ असलेल्या, म्हणजे हवा सतराव्या भागाएवढ्या जागेत दाबणाऱ्या इंजिनमध्ये टर्बोशिवाय, डिझेल पडायच्या आधीच, दाब कागदावर ४५ बारच्या आसपास जातो. आत येणारी हवाच तिप्पट दाबाची असली तर हा आकडाही तिप्पट, म्हणजे १३५ बार. प्रत्यक्षात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, उष्णता भिंतींना जाते, म्हणून आकडे याहून कमी भरतात. पण बूस्टबरोबर वाढण्याचं प्रमाण तेच राहतं. त्यावर ज्वलनाचा दाब चढतो. आजच्या अवजड ट्रकच्या इंजिनांत हा कमाल दाब २०० बारच्या घरात असतो, आणि ती इंजिनं त्यासाठीच घडवलेली असतात. जुन्या इंजिनांचा हिशोब याहून बराच खालचा होता.

१५० बार म्हणजे किती? आपल्या ५.९ लिटरच्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०२ मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की येतात साडेबारा टन. एका पिस्टनवर, प्रत्येक स्फोटाला. तेवढाच जोर हेडला वर उचलू बघतो, आणि तेवढ्याच जोराने कनेक्टिंग रॉड खाली दाबला जातो. २०० बारला हाच आकडा साडेसोळा टनांच्या पुढे जातो.

हा दाब दाखवणारं गेज डॅशबोर्डवर नसतं. बूस्ट दिसतो, एक्झॉस्टचं तापमान दिसतं, तेलाचा दाब दिसतो. ज्याने रॉड वाकतो तो आकडा मात्र दिसत नाही. त्यातून एक फसवणूक घडते. इंजेक्शनचं टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे डिझेल लवकर मारलं, की जास्त ज्वलन पिस्टन माथ्याजवळ असतानाच उरकतं. एक्झॉस्ट थंड निघतो, गाडी चटकदार चालते, तापमानाचा काटा खाली येतो. चालक खूश. पण त्याच बदलाने सिलिंडरमधला कमाल दाब वाढलेला असतो. टायमिंग मागे घेतलं की उलटं: दाब कमी, एक्झॉस्ट तापलेला. तापमान आणि दाब यांची अशी अदलाबदल चालू असते, आणि आपल्याला त्यातली एकच बाजू दिसते. म्हणून ‘तापमान तर एकदम मस्त आहे’ एवढ्यावर इंजिन सुरक्षित आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट आरपीएमची. २५० किलोवॅट ताकद २८०० आरपीएमला काढली तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५० न्यूटन-मीटर. तीच ताकद १८०० आरपीएमला काढायची तर टॉर्क १३२५ च्या पुढे. हॉर्सपॉवर तीच, पण प्रत्येक स्फोटाला रॉडवर येणारा भार दीडपटीहून जास्त. डिझेलचा रॉड मुख्यतः खालच्या आरपीएमच्या प्रचंड दाबाने वाकतो. जास्त आरपीएमला त्याला ताणणारा जोर वाढतो, आणि तिथे परीक्षा होते ती रॉडच्या बोल्टांची. छोटा टर्बो खालीच भरपूर हवा देतो, आणि ट्यूनरने तिथे डिझेलही सढळ हाताने दिलं, तर रॉडसाठी ते सगळ्यात वाईट. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, त्यामुळे टॉर्क वरच्या आरपीएमकडे सरकतो. म्हणजे एकच ताकद काढायची असेल तर मोठा टर्बो रॉडला उलट मानवतोसुद्धा. ‘टर्बो मोठा म्हणजे धोका मोठा’ हे गणित इथे चुकतं.

आधी हेड, मग बाकीचं

ताकद वाढवली की तक्रार पहिल्यांदा बहुतेक वेळा हेड गॅसकेटकडून, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पॅकिंगकडून येते. हेड बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग असते. तो जेवढा ताणला असेल तेवढा हेडला ब्लॉकवर आवळून धरतो. सिलिंडरमधला जोर त्या आवळण्याला भारी पडला की हेड केसाएवढं उचललं जातं आणि जळता वायू पाण्याच्या वाटेत शिरतो. याची खूण ओळखता येते: गाडी रिकामी असताना सगळं ठीक, भार घेऊन चढ चढला की पाण्याची टाकी फुगते, वरचा होज दगडासारखा कडक होतो, आणि पाणी टोपीतून बाहेर पडतं. इंजिन थंड झाल्यावरही होजमध्ये दाब राहिला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तेलात पाणी किंवा पाण्यात तेल दिसलं नाही म्हणून गॅसकेट ठीक, असं मानू नका. सुरुवातीला फक्त वायू झिरपतो.

कोणतं इंजिन किती सोसेल हे त्याच्या बांधणीवर ठरतं. ५.९ कमिन्समध्ये प्रत्येक सिलिंडरभोवती ६ हेड बोल्ट आहेत. २००३ ते २००७ या काळातल्या फोर्ड पिकअपच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये ४, तेही एकदा ताणून टाकून द्यायचे. त्यामुळे त्या इंजिनमध्ये थोडी जरी ताकद वाढवली तरी हेड स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवून वरून नट आवळायचे दांडे, घालणं हा जवळजवळ रिवाजच झाला. कमिन्समध्ये तीच घाई करावी लागत नाही.

स्टडचा फायदा असा की नट आवळताना स्टडला स्वतःला पीळ बसत नाही, तो सरळ ताणला जातो, आणि सगळीकडचं आवळणं एकसारखं येतं. पण आवळण्याच्या कामातला मोठा भाग, साधारण ९० टक्के जोर, आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो. उरलेल्या १० टक्क्यांत स्टड ताणला जातो. म्हणून आटे कोरडे, गंजलेले किंवा वेगळ्याच तेलाने माखलेले असतील, तर टॉर्क रेंचने अचूक ‘टक’ वाजवूनही हेड ढिलं राहू शकतं. स्टडबरोबर दिलेलंच वंगण वापरायचं, भोकातले आटे टॅप फिरवून साफ करायचे, भोकात तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं नाही हे बघायचं. आणि हेड सपाट नसेल तर जगातला कुठलाही स्टड ते वाचवू शकत नाही. आधी हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळपट्टी ठेवून तपासायचा, गरज पडली तर फेसिंग करून घ्यायचं. यावर खर्च वाचवून महागडे स्टड बसवणारे लोक आहेत. त्यांचं काम पुन्हा येतं.

हेडनंतरची पायरी पिस्टन आणि रॉडची. इथे प्रत्येक इंजिनची दुखरी जागा वेगळी. फोर्डच्या ७.३ पॉवर स्ट्रोकमध्ये शेवटच्या वर्षांत फोर्ज्ड रॉडऐवजी धातूच्या भुकटीपासून बनवलेले रॉड आले. कारखान्याच्या ताकदीला ते पुरेसे होते, पण मर्यादा ओलांडली की फोर्ज्ड रॉड आधी वाकतो आणि इशारा देतो, हा सरळ तुटतो आणि ब्लॉक फोडतो. जनरल मोटर्सच्या ६.६ ड्युरामॅक्सच्या २००६-०७ च्या एलबीझेड मॉडेलमध्ये रॉड चांगले, पण जास्त ताकदीला पिस्टनलाच तडा जातो, पिस्टन पिनच्या रेषेत. २४ व्हॉल्व्हच्या काही ५.९ कमिन्सवर बाजूला ५३ हा आकडा ओतलेला दिसतो. त्या ब्लॉकच्या पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ, आणि तिथे तडा जातो. तिथे रॉड कितीही भारी घाला, काही उपयोग नाही. पैसे खर्च करण्याआधी आपल्याच इंजिनची, आपल्याच वर्षाची दुखरी जागा शोधा. दुसऱ्या इंजिनसाठी दिलेला सल्ला इथे लागू पडत नाही.

उष्णता वेगळी शत्रू आहे

दाब एका क्षणात मारतो, उष्णता हळूहळू. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. एक्झॉस्टचं तापमान याच्या वर गेलं की लगेच पिस्टन वितळतो असं नाही, कारण पिस्टनला खालून तेलाचे फवारे थंड करतात आणि गरम वायू थोडाच वेळ त्याच्या अंगाला लागतो. पण लांब चढावर, मागे भार घेऊन, दहा-पंधरा मिनिटं सलग पेडल दाबून धरलं तर तेलाला ती उष्णता काढून नेता येत नाही. म्हणून सलग ओढताना टर्बाइनच्या आधीचं तापमान ६७५ ते ७०० अंशांच्या खाली ठेवायची पद्धत आहे. काही सेकंदांसाठी त्याच्या वर गेलं तर आभाळ कोसळत नाही.

तापमानाचा सेन्सर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी बसवायचा. भोक पाडताना कीस टर्बाइनमध्ये जाईल या भीतीने काही जण तो टर्बोनंतरच्या पाइपमध्ये बसवतात. भाराखाली तिथलं तापमान शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहूनही जास्त कमी दिसतं, आणि हा फरक भारानुसार बदलतो. म्हणजे वजाबाकी करूनही खरा आकडा काढता येत नाही. भोक पाडताना ड्रिलला ग्रीस लावा, कीस चुंबकाने काढा, पण सेन्सर योग्य जागी बसवा.

मोठा टर्बो खरा उपयोगी पडतो तो इथे. भार ओढणाऱ्या ट्रकला, ज्याचं डिझेल आधीच थोडं वाढवलेलं आहे आणि चढावर तापमान वर जातं, योग्य मापाचा टर्बो म्हणजे औषध आहे. त्याच डिझेलला जास्त हवा, मागचा दाब कमी, एक्झॉस्ट थंड. अशा ट्रकमध्ये टर्बो बदलल्याने इंजिनचं आयुष्य वाढतं.

मग किती ताकदीला काय?

कारखान्याचं डिझेल, फक्त टर्बो बदललेला: इंजिनला हात लावू नका. तापमानाचं आणि बूस्टचं गेज बसवा, इंटरकूलरचे पाइप आणि क्लॅम्प नवे घ्या.

डिझेल पाव ते एक तृतीयांशाने वाढवणार असाल, तर इंजिन निरोगी असल्यास बहुतेक जुनी डिझेल इंजिनं आतल्या कामाशिवाय हे सोसतात. ‘निरोगी असल्यास’ हे शब्द महत्त्वाचे. ऑइल फिलरची टोपी काढून ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली झिरपणारा वायू, किती आहे ते बघा, कॉम्प्रेशन मोजा, नोझल तपासून घ्या. एक नोझल गळत असेल तर सगळी जादा उष्णता त्या एकाच पिस्टनवर येते, आणि मग दोष टर्बोला दिला जातो. हेडची बाजू कमजोर असलेल्या इंजिनला या पायरीवर स्टड हवेत. ट्यूनिंग करणाऱ्याला एकच अट घाला: १८०० आरपीएमच्या खाली टॉर्क मर्यादित ठेव. या एका वाक्यात जेवढे रॉड वाचतात तेवढे कशातच नाहीत, आणि ते फुकट आहे.

दुपटीच्या आसपास जाणार असाल, तर मात्र आधी स्टड, व्हॉल्व्ह स्प्रिंग, आणि आपल्या इंजिनच्या दुखऱ्या जागेचा भाग बदलल्याशिवाय सुरुवात करू नये असं माझं मत. काही मजबूत इंजिनं कारखान्याच्या रॉडवरही दुप्पट ताकद वर्षानुवर्षं काढतात. पण ती रोज भार ओढणारी असली तर हिशोब वेगळा. दोन मिनिटांची शर्यत आणि दोन तासांचा घाट यांची तुलना होत नाही. त्याच्या पुढे, जिथे एक टर्बो पुरत नाही आणि दोन टर्बो एकापाठोपाठ जोडावे लागतात, तिथे इंजिन पूर्ण उतरवून रॉड, पिस्टन, मेन बेअरिंगचे स्टड, सिलिंडरभोवती वायू अडवणारी धातूची फायर रिंग असं सगळं करावं लागतं. दोन टर्बोंत दाबाचे आकडे गुणले जातात: पहिला अडीचपट, दुसरा अडीचपट, म्हणजे एकूण सव्वासहापट. तिथे काही जण कॉम्प्रेशन रेशोही खाली आणतात, आणि मग थंड सकाळी इंजिन सुरू करायला झगडतात.

मजबुतीच्या नादात टर्बो बसवण्याची साधी कामं राहून जातात. जुना टर्बो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. तेल आणणारी नळी आतून काळी झालेली असेल तर बदला. तेल परत नेणारा पाइप शक्य तेवढा सरळ खाली उतरायला हवा. तेल तिथे फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतं, पाइप वाकडा किंवा आडवा असेल तर ते टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. मग नव्या टर्बोतून निळा धूर येतो, आणि दुकानदाराशी भांडण. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत तेल ओता, आणि डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवा.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या ट्रकमध्ये आणखी एक पेच आहे. टर्बो बदलताना ही यंत्रणा काढून टाकायचा आग्रह होतो, कारण त्याने मागचा दाब कमी होतो. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टनुसार ते बेकायदा आहे, आणि बऱ्याच देशांत फिटनेस तपासणीतही गाडी नापास होते. शिवाय बऱ्याच नव्या इंजिनांतला टर्बो व्हेरिएबल प्रकारचा, म्हणजे टर्बाइनभोवतीची पाती हलवता येणारा असतो. त्याचीच पाती मिटवून एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, चालतो. साधा टर्बो लावला की तो ब्रेकही जातो, आणि भार घेऊन घाट उतरताना त्याची किंमत कळते.

शेवटचा भाग इंजिनच्या बाहेरचा आहे. ताकद वाढली की इंजिनच्या आधी बहुतेक वेळा क्लच घसरायला लागतो, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आणि त्यातला लॉकअप क्लच. लोक वैतागून दुहेरी प्लेटचा भक्कम क्लच टाकतात. तो घसरणारा जुना क्लच नकळत रॉडला वाचवत होता: खालच्या आरपीएमला टॉर्क मर्यादेबाहेर गेला की तो सरकायचा आणि इंजिनला फिरू द्यायचा. नवा क्लच सरकत नाही, सगळा भार सरळ रॉडवर येतो. म्हणून भक्कम क्लच बसवला त्याच दिवशी ट्यूनिंगमधली खालच्या आरपीएमची टॉर्कची मर्यादा पुन्हा तपासून घ्या, आणि वरच्या गिअरमध्ये, भार घेऊन, १४००-१५०० आरपीएमवरून पेडल पूर्ण दाबायची सवय असेल तर एक गिअर खाली टाकून ओढा.